कादंबरीतल्या पोथीनं घोळ घातलाय, सोडवा की ओ

कंबरतलाव:
मंडळी, फँटसी कादंबरी लिहायलोय. दोन वर्षं झाली, सहाव्या प्रकरणात गाडी रुतलीय.

खारवण नावाचं राज्य. सात वर्षं पाऊस नाही. तळ्याच्या मधोमध देऊळ (होय, आपलं सोलापूरच्या सिद्धेश्वराचंच डोळ्यासमोर आहे) आणि देवळात शेषपोथी. कुणी लिहिली ठाऊक नाही. दर अमावास्येला तिच्या एका कोऱ्या पानावर अक्षरं उमटतात आणि ते घडतंच. आता उमटलंय : "नावाड्याची लेक बांध फोडेल, राजा बुडेल." अंबी म्हणजे नावाड्याची लेक. पंधरा वर्षांची, राजाच्या घरचं मीठ खाल्लेली.

पहिली पाच प्रकरणं धाकट्या बहिणीला दिली. ती म्हणाली, "दादा, पोथीत आहे म्हणजे घडणारच ना? मग अंबी घरी झोपून राहिली तरी घडेल. मी पुढचं कशाला वाचू?" काय बोलणार? भाकीत खोटं पाडलं तर वाचक शिव्या घालणार, खरं केलं तर झोपणार. आजोबा पाडव्याला दाते पंचांगातलं संवत्सरफल, म्हणजे नव्या वर्षाचं भाकीत, मोठ्यानं वाचायचे, तेव्हा मात्र घरात कुणी झोपायचं नाही. असं का, तेही कळत नाही.

शेंगाचटणी:
गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, जातोस का नुसती भजी खायला? संक्रांतीच्या रात्री होम मैदानावर होमप्रदीपन झालं की भाकणूक असते, ती बघ. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढ्यात धान्य, गूळ, खोबरं, गाजर असं काय काय मांडतात. ज्याला तोंड लावेल ते महागणार. मुतलं तर पाऊस चांगला. बुजलं तर लोकांचे चेहरे उतरतात.

आता गंमत बघ. वासरू एक अक्षर बोलत नाही. मी एका वर्षी गर्दीत मागं होतो, मला फक्त कान दिसले. घरी येईपर्यंत गल्लीत तीन भाकणुका तयार. एक म्हणतो गूळ हुंगला, दुसरा म्हणतो नुसती मान फिरवली. व्यापारी आपल्या सोयीचं ऐकतो, शेतकरी आपल्या. तुझी पोथी फार स्वच्छ बोलते, तिथं मार खातोयस.

कंबरतलाव:
पटतंय. पण वासरू मुकं आहे, पोथीला अक्षरं आहेत. अर्थ मुद्दाम संदिग्ध केला की कोडं वाटतं, आणि शेवटी "अरे, राजा म्हणजे बैलाचं नाव होतं" असलं काहीतरी निघतं. ते मला नको.

वाळवीचं_जेवण:
रोमन लोकांत एक आख्यायिका आहे. एका म्हातारीनं टार्क्विन राजापुढं भाकितांची नऊ पुस्तकं ठेवली. किंमत ऐकून राजा हसला. तिनं तीन जाळली आणि उरलेल्या सहांना तीच किंमत सांगितली. नाही म्हणाला, आणखी तीन जाळली. शेवटी तिन्हींना नवांचे पैसे मोजले. मला त्यात जळालेली सहाच आठवतात. तुझ्या पोथीची पानं कुणी फाडलीत का?

पत्तेवाला:
पोरा, मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, बावीस वर्षं जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पत्ते पंच केले. तुझी पोथी मी रोज हातात धरलेली आहे, म्हणून लिहायलोय.

चादरीवरचा मोर मागाला ठाऊक नसतो. आधी ग्राफवर चौकोन भरायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोकं पाडायची. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेकीला एक पत्ता. भोक आलं की ताण्याचा उभा धागा उचलतो, नाही आलं की खालीच राहतो. असे शेकडो पत्ते दोरीनं ओवून माळ करायची आणि मागाच्या डोक्यावर चढवायची. म्हणजे मोर विणायच्या आधीच पुठ्ठ्यात ठरलेला. पण नवख्याच्या हातात पत्ता दे. उजेडाकडं धरून बघेल, मोर काही दिसायचा नाही. विणल्याशिवाय ती पोथी वाचताच येत नाही.

दुसरं. पत्त्यात नक्षी असते, रंग नसतो. रंग ताण्यात आणि धोट्यातल्या बाण्यात. तीच माळ, तोच मोर, एका मागावर लाल आणि शेजारच्यावर हिरवा. आणि आपली चादर उलटून बघ. मागं तोच मोर, पण रंगांची अदलाबदल. पुढं जमीन पांढरी, तर मागं मोर पांढरा.

तिसरं, माळेचं शेवटचं टोक पहिल्या पत्त्याला बांधलेलं असतं. पंचांगातली साठ संवत्सरं तशीच, क्षय संपला की पुन्हा प्रभव. तुझ्या राज्यात शेवटच्या पानाला घाबरत असतील ना सगळे?

एकदा माझ्या हातून एक पत्ता उलटा ओवला गेला. मोराच्या मानेवर केसाएवढी आडवी रेघ. लक्षात येईपर्यंत त्या मागावर दोन दिवस माल निघाला होता, प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच रेघ. मालकानं पगारातून पैसे कापले. ती एक चादर मी घेऊन आलो, अजून पांघरतो.

कंबरतलाव:
काका, अंगावर काटा आला. म्हणजे पोथीत अक्षरं नकोतच, भोकं हवीत. दरबारी पंडित भोकं मोजून "राजा बुडेल" असं वाचतात, कारण त्यांनी कधी विणलेलंच नाही. अंबीची आजी विणकर. बांध फुटणार, ते पत्त्यात आहे. पण कुठल्या धाग्यानं विणायचं ते अंबीच्या हातात, आणि कापड उलटून बघायचं धाडसही तिचंच. उलट बाजूला राजा आणि पाणी यांची अदलाबदल.

शेंगाचटणी:
भारी. पण अंबीला स्वतःला काय हवंय ते अजून सांगितलं नाहीस बे. ते नसलं तर मोर काय नि लांडोर काय.

कंबरतलाव:
खरंय, आज तेच लिहितो. काका, उलटा ओवलेला पत्ता माळेत वरून ओळखू येतो का? आजीनं तो मुद्दाम ओवलाय असं डोक्यात घोळतंय.

पत्तेवाला:
वरून नाही कळत. बोटानं भोकं चाचपत जावं लागतं. एक जुनी माळ माळ्यावर पडलीय, थोडी उंदरांनी खाल्लीय. रविवारी ये, हातानं बघ. पांढरा शर्ट घालून येऊ नको, तेलाचे डाग जात नाहीत.