बाहुली चालवणे आणि तिला आवाज देणे: यावर उपजीविका होऊ शकेल का?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकतो. दोन वर्षांपासून तो जुने मोजे आणि कागदाचा लगदा यांपासून बाहुल्या तयार करून आमच्या भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांत खेळ करतो. त्याची म्हातारी बाहुली "काय करायलास रे लेकरा?" असे विचारते, तेव्हा मुले तिला घरच्या तक्रारीसुद्धा सांगू लागतात. बाहुलीकार आणि आवाजाचा कलावंत असे दोन्ही व्हावे, ही त्याची इच्छा आहे. घरच्यांचा विरोध नाही, पण काळजी आहे. आधी मेहनत कशावर घ्यावी आणि आमची बोली आड येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (अंबाजोगाई)

ताई, मी बरीच वर्षे बालनाट्याच्या शिबिरांत शिकवतो. ही दोन्ही कामे एकानेच करावीत असे नाही. 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्ये यांची होती आणि आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. याउलट, अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या मालिकेतला बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी कॅरोल स्पिनी यांनी १९६९पासून चालवला आणि बोलताही केला. उजवा हात सतत डोक्याच्या वर धरून ते पक्ष्याची मान व चोच हलवत आणि आपण पडद्यावर कसे दिसतो आहोत, हे छातीवर बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर पाहत. वयोमानाने २०१५मध्ये पक्षी दुसऱ्या कलावंताच्या हाती गेला, तरी आवाज २०१८पर्यंत त्यांचाच राहिला. हात थकल्यावरही आवाज साथ देतो, म्हणून हात तरुणपणीच तयार करावा आणि गळा मात्र आयुष्यभर सांभाळावा, असे माझे मत आहे.

त्याने रोज आरशासमोर सराव करावा. नवशिके बाहुलीचे तोंड उघडताना वरची चार बोटे उचलतात, त्यामुळे बाहुलीची नजर छताकडे जाते. बोटे स्थिर ठेवून फक्त अंगठा खाली न्यावा, आणि अक्षर उच्चारताना बाहुलीचे तोंड उघडावे, मिटू नये. शब्दभ्रम, म्हणजे बाहुलीच बोलते आहे असे भासवण्याची कला, शिकायची असेल, तर प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण सर्वांत कठीण असतात, कारण ओठ न हलवता जिभेनेच त्यांचा भास निर्माण करावा लागतो. दुर्दैवाने लहान मुलांच्या खेळात 'बाबा' आणि 'मामा' हेच शब्द सतत येतात!

उत्तर २ (नांदेड)

बोलीबद्दल मनात न्यूनगंड ठेवू नये. डबिंगमध्ये बहुतेक वेळा प्रमाण मराठी मागतात, म्हणून ती स्वच्छ यायलाच हवी. पण म्हातारीला 'करायलास' शोभते आणि ते बाहेरच्या कलावंताला सहजासहजी साधत नाही. त्याने दोन्ही भाषा वेगवेगळ्या ठेवून दोन्हींत मोठ्याने वाचनाचा सराव करावा. परभणी, नांदेड, बीड येथील आकाशवाणी केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी घेतली जाते, तिच्याकडे लक्ष ठेवावे. त्यातून मिळणारे मानधन घर चालवण्याइतके नसते. मात्र माइकसमोर श्वास कसा राखावा, हे तिथे पक्के होते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मी पूर्वी एका संस्थेसाठी तोंडी ठरवून अकरा खेळ केले आणि शेवटच्या चार खेळांचे पैसे आजतागायत मिळाले नाहीत. मानधन, प्रवासखर्च आणि चित्रीकरण पुन्हा वापरण्याचा हक्क लेखी घेतल्याशिवाय त्याने बाहुली पेटीतून काढू नये.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. अंगठ्याची चूक त्याच्याकडूनही होते, हे आज आरशात पाहिले. आवाजाचे नमुने घरीच ध्वनिमुद्रित करायचे आहेत, पण वर पत्रे असल्यामुळे आवाज घुमतो. काय करावे?

उत्तर २ (नांदेड)

पत्र्याची खोली टाळून कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसावे, पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगाव्यात आणि पहाटे, पंखा बंद करून, ध्वनिमुद्रण करावे. नमुना एका मिनिटाचा पुरे. सुरुवात म्हातारीपासूनच करावी.