शब्दचर्चा : ‘तीव्र’, ‘जीर्ण’ आणि मुलांच्या आयटीपीचे फलानुमान

मूळ प्रश्न, डिचोलीहून

लहान मुलांच्या अंगावर एकाएकी लाल-जांभळे ठिपके उमटतात, रक्त तपासल्यावर प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणारे रक्तातील सूक्ष्म कण) फार कमी निघतात आणि डॉक्टर ‘आयटीपी’ (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया) असे नाव सांगतात. या विकाराविषयी पालकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘अ‍ॅक्यूट’साठी ‘तीव्र’, ‘क्रॉनिक’साठी ‘जीर्ण’ आणि ‘प्रोग्नोसिस’साठी, म्हणजे आजाराच्या पुढील वाटचालीच्या अंदाजासाठी, ‘फलानुमान’ हे शब्द मी योजले. परंतु ‘तीव्र आयटीपी असलेली बहुतेक मुले लवकर बरी होतात’ हे वाक्य माझे मलाच विसंगत वाटले. पालक तर एवढेच विचारतात : ‘बरें कितल्या दिसांनी जातलें?’ (किती दिवसांनी बरे होईल?) जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, बांबोळीहून (बालरोगचिकित्सक)

विसंगती ‘तीव्र’ या शब्दातच आहे. तीव्र वेदना म्हणजे सोसवत नाहीत अशा वेदना, आणि तीव्र आजार म्हणजे अचानक उद्भवून थोडक्या काळात संपणारा आजार, अशी दोन कामे हा एकच शब्द करतो. इतर अनेक आजारांत हा घोळ खपून जातो. आयटीपीत तो खपत नाही, कारण येथे पहिल्या दिवशीचे चित्र जितके भयावह, तितकी पुढची वाटचाल बहुधा सोपी असते.

शरीराने स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार केल्याने त्या मुख्यतः प्लीहेत (पाणथरीत) नष्ट होतात. चार वर्षांचा एखादा मुलगा, सर्दीतापातून उठल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, रात्रीतून अंगभर ठिपके घेऊन येतो, हिरड्यांतून रक्त येत असते आणि प्लेटलेट पाच हजारांच्याही खाली गेलेल्या असतात. आईवडिलांचे अवसान गळते, तरी हा मुलगा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण बरा होण्याची शक्यता मोठी असते. याउलट बारा-तेरा वर्षांची मुलगी, जिला कित्येक महिने सहज काळेनिळे डाग पडत होते, आधी कोणताही संसर्ग झाल्याचे आठवत नाही आणि प्लेटलेट तीस-चाळीस हजार आहेत, ती कमी आजारी दिसते. तिचा विकार वर्षाच्या पुढे रेंगाळण्याची शक्यता मात्र अधिक असते. नॉर्डिक देशांतील मुलांच्या नोंदींवरून जी गुणपद्धती बनवली गेली, तिच्यात अचानक सुरुवात, दहा वर्षांखालील वय, आधीचा संसर्ग, अतिशय कमी प्लेटलेट, तोंडानाकातील रक्तस्राव आणि मुलगा असणे ही सहा लक्षणे लवकर बरे होण्याच्या बाजूने मोजली जातात, आणि त्यांत सर्वांत जास्त वजन अचानक सुरुवातीला आहे.

म्हणूनच 2009 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने परिभाषा निश्चित केली, तेव्हा अल्पकाळच्या आयटीपीसाठी रूढ असलेला ‘अ‍ॅक्यूट’ हा शब्द टाळावा असे सुचवले. विकार थोडक्यात आटोपला हे तो आटोपल्यावरच कळते. पहिल्या दिवशी ते नाव देणे म्हणजे निकालाआधी पेढे वाटणे. त्याऐवजी पहिल्या तीन महिन्यांपर्यंत ‘नव्याने निदान झालेला’, तीन ते बारा महिन्यांपर्यंत ‘टिकून राहिलेला’ आणि बारा महिन्यांनंतर ‘क्रॉनिक’ अशा अवस्था ठरल्या. पूर्वी क्रॉनिकची मर्यादा सहा महिन्यांची होती. सहा महिने उलटल्यावरही पुष्कळ मुले बरी होतात, म्हणून ती वाढवली गेली. ‘सिव्हिअर’ हा शब्द प्लेटलेटच्या आकड्याला न लावता उपचार भाग पाडणाऱ्या रक्तस्रावालाच लावावा, असेही त्याच वेळी ठरले. आपण त्यासाठी ‘गंभीर’ वापरावा आणि ‘तीव्र’ला पत्रकातून रजा द्यावी.

प्रतिसाद, फोंड्याहून (आयुर्वेदाचे अध्यापक)

आपल्या परंपरेत रोगाच्या साध्यासाध्यतेचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य आणि असाध्य. पडू पाहणाऱ्या घराला टेकू द्यावा तसा उपचार चालू असेपर्यंत जो रोग आवरलेला राहतो, तो याप्य. ‘जीर्ण’ म्हटले की वाचकाला फाटके वस्त्र आठवते. वर्षभर लांबलेल्या आयटीपीस ‘याप्य’ म्हणता येणार नाही का?

प्रतिसाद, बांबोळीहून

शब्द सुंदर आहे, पण येथे नको. याप्य रोग मुळात बरा होणारा नसतो. वर्ष उलटून गेलेल्या मुलांपैकीही काही पुढील काही वर्षांत आपोआप बरी होतात. शिवाय त्यांतील अनेकांना औषधाचा टेकूही लागत नाही, केवळ देखरेख पुरते. ‘दीर्घकालीन’ हा शब्द रुक्ष खरा, पण तो काळाखेरीज काहीच सांगत नाही आणि आपल्याला तेवढेच सांगायचे आहे.

प्रतिसाद, म्हापशाहून (रक्ततपासणी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ)

‘पेशी कमी झाल्या’ असे कृपया लिहू नये. पावसाळ्यात आमच्याकडे येणारे लोक हे शब्द डेंग्यूसाठी वापरतात आणि आठवडाभरात आकडा वर येईल असे गृहीत धरतात. आयटीपीतील मूल एरवी खेळतेबागडते असते आणि आकडा आठवडेच्या आठवडे खाली राहू शकतो. ‘बिंबाणू’ हा पारिभाषिक शब्द एकदा द्यावा, नंतर सरळ ‘प्लेटलेट’ म्हणावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘फलानुमान’ बदलून ‘पुढे काय होईल याचा अंदाज’ असे शीर्षक करते. ‘भाकीत’ला ज्योतिषाचा वास येतो. मजकूर असा होईल : ‘चारांपैकी तीन किंवा त्याहून अधिक मुले वर्षभरात बरी होतात. सुरुवातीला प्लेटलेट फार कमी असल्या म्हणून विकार दीर्घकालीन होईल असे नाही. उपचारांना मिळालेला प्रतिसाद म्हणजे बरे होणे.’

प्रतिसाद, बांबोळीहून

शेवटचे वाक्य काढावे. स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) दिल्यावर आकडा काही दिवसांत चढतो, पण औषधाचा परिणाम ओसरल्यावर तो पुन्हा उतरू शकतो. सुरुवातीलाच इम्युनोग्लोब्युलिन दिल्याने दीर्घकालीन विकाराचे प्रमाण निश्चितपणे घटते असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत दिसले नाही. त्याऐवजी एक ओळ घालावी : मेंदूतील रक्तस्राव अत्यंत विरळ असला तरी डोक्याला मार लागणे, जोराची डोकेदुखी, सततच्या उलट्या किंवा न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काहीही आढळल्यास मुलाला त्वरित गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे.