दुबईहून आयफोन १७ प्रो मागवावा का?

वाशिष्ठीकाठ:
आयफोन ११ची बॅटरी आता दुपारपर्यंतही पुरत नाही, म्हणून १७ प्रो घ्यायचं मनात आहे. २५६ जीबीची आपल्याकडची किंमत १,३४,९००. दुबईत ४,६९९ दिरहम, म्हणजे दिरहमला २४ रुपये या भावाने साधारण १,१२,८००. आतेभाऊ शारजाहून सुट्टीवर येतोय, आणतो म्हणाला. (साध्या १७मध्ये फारसं काही वाचत नाही: तिथे ३,३९९ दिरहम, इथे ८२,९००.) मुक्काम चिपळूण. घ्यावा का?

घाटमाथा:
माझं मत, घेऊ नका. आखातात विकल्या जाणाऱ्या १७ प्रोला सिम घालायला जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. पुण्या-मुंबईत ते चालून जाईल. तुम्ही चिपळूणचे, २२ जुलै २०२१च्या पुरात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. हँडसेट पाण्यात गेला तरी साधं सिम काढून, पुसून घरातल्या जुन्या मोबाइलमध्ये घालता येतं आणि नंबर लगेच चालू होतो. ई-सिमचा फोन बंद पडला की नंबरही त्याच्यासोबत अडकतो.

दिरहमवाला:
ई-सिमची उगाच भीती घालू नका. माझे भारतातला आणि इथला आखातातला असे दोन्ही नंबर एकाच फोनवर ई-सिमने चालतात. सिमच्या ट्रेची जागा वाचल्यामुळे या मॉडेलला बॅटरीही मोठी आहे. कंपनीच्याच आकड्यांनुसार सलग व्हिडिओ ३३ तास, सिमवाल्या मॉडेलवर ३१. धागाकर्त्याची तक्रार बॅटरीचीच आहे ना? आणि फोन गेलाच, तर आधार कार्ड घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) जा, त्याच नंबरचं नवीन सिम मिळतं.

घाटमाथा:
मिळतं, पण सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे ओटीपी नाही. पुरात गॅलरी उघडी असेल हेही तुम्ही गृहीत धरताय. वॉरंटीचं तर अजून कोणी बोललंच नाही. जिथे फोन विकला त्याच देशापुरती सेवा मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये राखून ठेवलाय. लाखाच्या वस्तूसाठी मी हा धोका पत्करणार नाही.

जमाखर्च:
दुकान किंवा व्यवसाय आहे का? इथल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे सुमारे २०,५७८ रुपये. फोन धंद्याच्या वापराचा असेल आणि बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल, तर तेवढं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते. मग दुबईचा फायदा दीड हजारावर येतो.

वाशिष्ठीकाठ:
दुकान आहे, पण कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना). क्रेडिट मिळत नाही.

जमाखर्च:
मग बावीस हजारांचा फरक खराच. तरी इथली कार्डावरची सूट आणि जुन्या ११चं एक्स्चेंज त्यातून वजा करून पाहा. शिवाय भाऊ सीलबंद खोका आणणार असेल, तर करमुक्त मर्यादेच्या वरच्या रकमेवर विमानतळावर शुल्क भरावं लागतं. ते कोण भरणार, हे त्याच्याशी आधीच बोलून घ्या. ऐन वेळी त्याला अडचणीत टाकू नका.

साधीबॅटरी:
११ला आयओएस २६ हे सॉफ्टवेअर अपडेट मिळालंय. कॅमेऱ्याबद्दल तुमची तक्रार दिसत नाही. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्या, लाखभर रुपये दुकानात राहू द्या.

दिरहमवाला:
सहा वर्षं जुन्या फोनवर आता खर्च करणं मला पटत नाही. भाऊ येतोच आहे, तर आणू द्या. फक्त बँकेला जोडलेला नंबर घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये साध्या सिमवर ठेवा, म्हणजे घाटमाथा म्हणतात ती अडचणही राहत नाही.