‘पट्टे मारून काय होणार?’ – झेब्रा क्रॉसिंगवरून पेटलेली चर्चा

तापीकाठ
कालच्या पोस्टमध्ये अंजनीपार यांनी लिहिलं होतं, ‘जळगावात झेब्राचे पट्टे मारणं म्हणजे पैसा पाण्यात. लोकांना शिस्त नाही, रंगाने ती येणार नाही.’ रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो. माझी आई ७१ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत हायवे ओलांडताना दुचाकीने तिला उडवलं, खुबा मोडला. पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न आला, ‘आजी ओलांडायच्या जागेवरून का नाही गेल्या?’ ती जागा कोणती? आधीचे पट्टे गाड्यांनी झिजवले, उरलेले धुळीखाली गेले. जागा दाखवायची नाही आणि चूक मात्र म्हातारीची! २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. ही सगळी माणसं बेशिस्त होती का?

अंजनीपार
ती पोस्ट माझीच. आईंचं वाचून वाईट वाटलं, पण मुद्दा सोडत नाही. मी पट्ट्याआधी थांबतो. मागच्या महिन्यात थांबलो तर मागच्याने येऊन ठोकलं आणि वर शिव्या मलाच. समोर मुलगी उभी होती, तिला जायला दिलं एवढाच माझा गुन्हा. पट्टा मला दिसला, मागच्याला त्याचा अर्थच माहीत नव्हता. आधी लायसन्स देताना नीट परीक्षा घ्या.

शेवभाजी_धुळे
तुमच्याकडे पट्टा मारायला जागा तरी आहे. आमच्या आग्रा रोडवर या. दुकानाच्या पायऱ्या पुढे, त्यापुढे हातगाडी, त्यापुढे लावलेल्या गाड्या. झेब्रा संपतो तिथे माणसाने पाय कुठे ठेवायचा? मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आमच्या गल्लीत अजून कोणाच्या कानावर गेलेलं नाही.

डांबरगोळा
मी सहा वर्षं रोड मार्किंगच्या कामावर होतो. साध्या ऑइलपेंटचा पट्टा एक पावसाळा काढत नाही. थर्मोप्लास्टिकची पावडर दोनशे अंशांच्या आसपास वितळवून ओततात आणि गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकतात. रात्री हेडलाइटमध्ये चमकतात ते तेच. रस्ता आधी झाडून, धुऊन, वाळवून घ्यावा लागतो. धुळीवरच ओतला तर पापुद्रे निघतात. पैसा पाण्यात जातो तो तिथे. झाडायची मजुरी वाचवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

लिंबाची_सावली
स्टॉप लाइनवर कोणी थांबत नाही असं जो तो म्हणतो. मे महिन्यात भर दुपारी तिथे नव्वद सेकंद उभे राहून दाखवा. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. माणूस तीस मीटर मागे सावलीत थांबतो आणि हिरवा लागला की सुसाट सुटतो. चौपदरीकरणात रस्त्याकडेचे लिंब कापले, त्याबद्दल कोणी बोलत नाही. नागपुरात सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात, आपल्याकडेही प्रत्येक चौकात हवी.

अंजनीपार
हे बरोबर बोललात. जाळी हवीच.

शेवभाजी_धुळे
जाळीचे खांब कुठे रोवणार? उरलेल्या फूटपाथवरच ना?

लिंबाची_सावली
मग दुभाजकात रोवा. झाडं लावायची म्हटलं की जागा नाही, होर्डिंगला मात्र जागा मिळते. मन्ही मायले मागच्या वैशाखात सिग्नलवरच चक्कर आली, रिक्षात घालून नेलं.

डांबरगोळा
दुभाजकातली झाडं वाढली की मागून रस्ता ओलांडायला आलेलं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही. तिथे गुडघ्याएवढंच काहीतरी लावा.

तापीकाठ
अरे भो, मी आईच्या खुब्याबद्दल लिहिलं आणि तुम्ही सगळे जाळीवर गेलात. गाडीवाल्याला ऊन लागतं म्हणून सावली. चालणारा त्याच उन्हात अनवाणी उभा असला तरी त्याचं काहीच नाही?

लिंबाची_सावली
आवाज चढवू नका. चालणाऱ्यालाही सावली लागतेच. मी माझ्या आईबद्दलच लिहिलं.

तापीकाठ
चढला, माफ करा. पण सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे १५ मीटरचा रस्ता साडेबारा सेकंदांत. वॉकर घेऊन आईला तेवढ्याच अंतराला चाळीस लागतात, मी मोजलेत. मध्ये दुभाजकाशी टेकायला जागा आणि दोन्ही बाजूंनी रात्री दिसणारे पट्टे, एवढंच मागतोय.

डांबरगोळा
पट्टा रस्त्यापेक्षा उंच करून घ्या, फूटपाथच्या पातळीला. नुसता रंग मारीसन काय व्हस? चढ आला की गाडी हळू होतेच, अर्थ माहीत असो वा नसो.

अंजनीपार
उंच पट्ट्याला माझी हरकत नाही. मागचाही आपोआप हळू होईल. पण पोस्ट मागे घेत नाही, लायसन्सचा मुद्दा राहतोच. आणि काम झाडून-धुऊन होतंय का ते बघायला कोण उभं राहणार?

तापीकाठ
मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. रस्ता मानकांप्रमाणे केला नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. अर्ज लिहितोय, कलम त्यात टाकतो. काम निघालं की मी उभा राहीन.

डांबरगोळा
मला कळवा. धूळ राहिली का ते हात फिरवून सांगतो.

अंजनीपार
अर्जावर माझीही सही घ्या. लायसन्सची ओळ टाकणार असाल तर.