मदत हवी आहे: टेक्सासमधून न्यू जर्सीला पिस्तूल नेताना

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात डॅलसहून एडिसनला बिऱ्हाड हलवतोय. ग्रीन कार्ड आहे, पिस्तूल रीतसर घेतलेलं. टेक्सासात २०२१ पासून परवान्याशिवायही बाळगता येतं, त्यामुळे इतकी वर्षं डोक्याला ताप नव्हता. न्यू जर्सीत मात्र मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा, आणि माझी दोन्ही १५ची! ती इथेच विकून टाकू ना? वाटेत १९८६च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद पेटीत डिकीत ठेवणार आहे. पण मध्ये दोन रात्री हॉटेलात मुक्काम केला तर त्या कायद्याने वाटेतल्या राज्यांत मिळणारं संरक्षण टिकतं का? तिथे पोचल्यावर नोंदणी कोणी केली आहे? बायको म्हणते, ‘विकून मोकळे व्हा.’ वकील सुचवलात तरी चालेल.