यादवी, छापखाना आणि स्वातंत्र्याचे गोडवे

जुनीबखर: परवा येथे 'पेनीवाचक' यांनी लिहिले की, इंग्लंडच्या यादवीत, म्हणजे राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील युद्धात, जनतेला स्वातंत्र्याची ओढ लागली आणि त्यातूनच वृत्तपत्रे जन्मली. हे वाचून गप्प राहवले नाही. पार्लमेंटने जुलै १६४१ मध्ये छपाईवरही वचक ठेवणारे राजाचे न्यायालय 'स्टार चेंबर' मोडीत काढले ते राजाचे हात बांधण्यासाठी. छापखान्यांवरचा धाक त्यासोबत ओघाने गेला. पार्लमेंटच्या कामकाजाचे पहिले छापील साप्ताहिक त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर लंडनमध्ये निघाले, तर चार्ल्सने नॉटिंगहॅमला युद्धाचे निशाण उभारले ते ऑगस्ट १६४२ मध्ये. पुढे जून १६४३ मध्ये याच पार्लमेंटने छपाईला पुन्हा परवान्याची सक्ती केली. यात स्वातंत्र्याची ओढ नेमकी कोणाला होती?

पेनीवाचक: तारखांबद्दल आभारी आहे, त्या मलाही ठाऊक होत्या. १६२० पासून ॲम्स्टरडॅमहून येणाऱ्या इंग्रजी बातमीपत्रांत युरोपातील लढाया असत, घरची बातमी छापण्याची सोय नव्हती, आणि १६३२ मध्ये तर परदेशी बातम्यांवरही बंदी आली. अशा देशात आठ पानांत, एका पेनीला, आपल्याच पार्लमेंटचे कामकाज वाचायला मिळाले, तर देणाऱ्याचा हेतू कोता होता म्हणून वाचकाच्या पदरी पडलेले स्वातंत्र्य खोटे ठरते काय?

ऑक्सफर्डकर: दोघेही पार्लमेंटचीच पालखी वाहत आहात. जानेवारी १६४३ मध्ये ऑक्सफर्डहून निघालेल्या राजपक्षाच्या 'मर्क्युरियस ऑलिकस' या साप्ताहिकाचे नाव कोणीच का घेत नाही? त्यातील बर्कनहेडची बोचरी लेखणी लंडनला इतकी झोंबली की, उत्तरादाखल पार्लमेंटच्या बाजूचे 'ब्रिटानिकस' काढावे लागले. त्यात लिहिणारा मार्चमाँट नीडहॅम १६४७ मध्ये राजाच्या बाजूने 'प्रॅग्मॅटिकस' लिहू लागला आणि १६५० मध्ये, राजाच्या शिरच्छेदानंतर आलेल्या प्रजासत्ताकाकडून, वर्षाला १०० पौंड घेऊन 'पोलिटिकस' चालवू लागला. तुमच्या वृत्तपत्रांचा मूळपुरुष हा असा भाडोत्री!

निवृत्त मुद्रितशोधक: 'भाडोत्री' म्हणणे सोपे आहे. मी एका जिल्हा दैनिकात होतो. मालकांनी निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलला आणि ज्या नेत्याला आम्ही आदल्या आठवड्यात झोडपले होते, त्याच्याच गौरव-पुरवणीची मुद्रिते मला तपासावी लागली. घरी दोन मुलांची फी भरायची होती. नीडहॅमने तर तुरुंगही भोगला आहे. चार्ल्सच्या तोतरेपणाची त्याने छापील टर उडवली, तेव्हा पार्लमेंटनेही त्याला सोडले नाही.

ऑक्सफर्डकर: महोदय, आपली फी आणि नीडहॅमचे १०० पौंड यांची सांगड घालू नका. आपण मुद्रिते तपासलीत. त्याने ज्या राजाची बाजू घेतली, त्याचे मस्तक उडवणाऱ्यांची चाकरी पत्करली. एखाद्याच्या व्यंगावर हसणे ही पत्रकारिता असेल, तर ती आपल्यालाच लखलाभ असो.

निवृत्त मुद्रितशोधक: 'ऑलिकस'ने शत्रूंची टर उडवली, की ती मात्र बोचरी लेखणी! राजनिष्ठेचा चष्मा काढून ते अंक पाहावेत, म्हणजे चिखलफेक दोन्ही तीरांवरून चालली होती हे दिसेल.

जुनीबखर: नीडहॅमवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाण्यापेक्षा त्याच्या कारकिर्दीचा पुढचा भाग पाहावा. १६४४ मध्ये 'ॲरिओपॅजिटिका' लिहून परवाना-पद्धतीवर तुटून पडलेला कवी मिल्टनच १६५१ मध्ये 'पोलिटिकस'च्या अंकांना परवाना देत होता. १६५५ मध्ये प्रजासत्ताकाचा सर्वेसर्वा झालेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने इतरांची तोंडे बंद केली आणि नीडहॅमची दोनच साप्ताहिके उरली. एवढे सारे मान्य करूनही 'पेनीवाचक' यांना स्वातंत्र्याचा जयघोष करायचा असेल, तर खुशाल करावा. वाचकाला पेनीभर लाभ झाला, इतके मी नाइलाजाने मान्य करतो.

पेनीवाचक: पेनीभर का होईना, आपल्या तिजोरीतून काहीतरी निघाले! परंतु तो लाभ मोजायचा तर जॉर्ज थॉमसनकडे पाहावे. लंडनच्या या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात दोन्ही बाजूंचे सुमारे २२,००० छापील ऐवज जमवले, आणि त्यांत या साप्ताहिकांचे हजारो अंक आहेत. पार्लमेंटला हुकूम काढून छापखाना आवरता आला असता, तर त्या माणसाला इतके जमवण्याची पाळी आली नसती.