अम्मणदेव गादीचोर होता का?

ताम्रपटवाचक:
देवगिरीच्या यादवांचा विषय निघाला की महादेव राजाचा मुलगा अम्मणदेव याला एका ओळीत वाटेला लावतात: त्याचा चुलतभाऊ, कृष्णदेवाचा मुलगा रामचंद्र याने १२७१ मध्ये हक्काची गादी परत मिळवली. मला हे साफ अमान्य आहे. यादव राजा सिंघणाचा मुलगा जैतुगी बापाच्या आधीच वारला, म्हणून १२४६ मध्ये नातू कृष्णदेव राजा झाला. १२६१ मध्ये त्याच्यामागून धाकटा भाऊ महादेव आला आणि त्याने दहा वर्षं राज्य केलं. शिलाहार सोमेश्वराला समुद्रावर हरवून उत्तर कोकण जोडलं ते यानेच. अशा अभिषिक्त राजाचा मुलगा बापामागे गादीवर बसला, तर ती चोरी कशी?

थोरलीपाती:
महादेवाकडे गादी गेली कारण कृष्णदेवाचा रामचंद्र तेव्हा लहान असावा. तो हाताशी आल्यावर गादी थोरल्या पातीकडे, म्हणजे थोरल्या भावाच्या शाखेकडे, परत यायला हवी होती. महादेवाने ती मुलाकडे वळवली, भांडणाचं मूळ तिथे आहे. आणि हेमाद्री पंडिताकडे बघा. महादेवाचा करणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य, तोच पुढे रामचंद्राकडेही त्याच पदावर दिसतो. बापाची माणसं अम्मणामागे ठाम उभी असती, तर तो काही महिन्यांत पडला नसता.

ताम्रपटवाचक:
जिंकणाऱ्याकडे दप्तर जातंच, त्यावरून आधीची निष्ठा ठरत नाही. महानुभाव परंपरेतली हकीकत आठवा. अम्मणाला नाचगाण्याचा शौक. रामचंद्राची माणसं नटांच्या वेषात गडावर शिरली आणि खेळ चालू असताना त्याला धरलं. मग त्याचे डोळे काढले. तेही निव्वळ सूडापोटी नाही. आंधळा राजपुत्र राज्याला अपात्र, धृतराष्ट्रापासूनचा हा नियम. ज्याचा हक्कच नव्हता, त्याला अपात्र करायची गरज काय होती?

थोरलीपाती:
गरज होतीच. सोडून दिलेला चुलतभाऊ उद्या एखाद्या सामंताला हाताशी धरून उभा राहतो. डोळे काढणं क्रूर होतं, हे मीही म्हणतो. पण त्यातून अम्मणाकडून धोका होता एवढंच कळतं, त्याचा हक्क सिद्ध होत नाही.

शके_गणित:
दोघांनीही रामचंद्राचा पैठण ताम्रपट बाजूला ठेवलाय. शके ११९३, माघातला. शकात ७८ मिळवून १२७१ लिहाल तर चुकाल. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून ७९ मिळवायचे: १२७२. म्हणजे गादी बदलून फार दिवस झाले नव्हते. दानपत्राच्या सुरुवातीची वंशावळ ही राजाची स्तुती असते, तिथे अडचणीच्या गोष्टी सहसा गाळतात. इथे मात्र अम्मणाकडून राज्य बळाने हिरावून घेतलं, असं अभिमानाने सांगितलंय. माझ्या मते यात थोरल्या पातीच्या हक्कापेक्षा पराक्रमाचाच दावा मोठा आहे.

आणि नटांची कथा वाचताना आजचा दौलताबाद, म्हणजे पूर्वीचा देवगिरी किल्ला, डोळ्यांसमोर आणू नका. चाँदमिनार १५व्या शतकातला, तटबंदीतलाही बराच भाग यादवांनंतरचा.

थोरलीपाती:
७९ चा मुद्दा मान्य. पण नव्या राजाने पराक्रम मिरवला म्हणून त्याचा वारसा खोटा ठरत नाही. कृष्णदेवाचा मुलगा असणं त्याला वेगळं सिद्ध करायचंच नव्हतं. दरबारात ते कोणाला ठाऊक नव्हतं?